पाठीवरची स्वारी

धाकट्याला सगळे 'स्वारी' म्हणत. हे नाव आईनं ठेवलेलं. लहानपणी आलेल्या एका तापात त्याचे दोन्ही पाय गेले आणि तेव्हापासून तो थोरल्या भावाच्या पाठीवर बसूनच घराबाहेर पडायचा. "निघाली का स्वारी?" असं आई रोज दारातून विचारायची. आई गेली, नाव राहिलं. घरात, बाहेर त्याच्याबद्दल बोलताना "स्वारी आली, स्वारी रुसली" असंच लोक बोलत.

आता त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते आणि दादाच्या डोक्यावर तर फारसे उरलेच नव्हते. तरी रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं दार उघडायचं, दादा उंबऱ्याशी पाठ करून उकिडवा बसायचा, धाकटा त्याच्या गळ्यात हात टाकायचा आणि दोघं जिना उतरायचे. लिफ्ट नव्हतीच. रस्ता ओलांडला की समोर त्यांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. चेन बदलणं, तुटलेले पट्टे, निखळलेली चाकं. पायडलऐवजी हाताशी बटण असलेल्या मोटरच्या शिलाई मशीनवर स्वारी बसायची. कापाकापी, ठोकाठोकी आणि गिऱ्हाइकं दादाकडे. खरं तर गिऱ्हाइकंही स्वारीच सांभाळायची. "बॅग नवी घ्या हो, ही आता देवाघरी गेली," असं म्हणत म्हणत तीच बॅग तो अशी शिवून द्यायचा की माणूस पुन्हा दुसरी घेऊन यायचा.

दादाला दमा होता, तोही लहानपणापासूनचा. पंप कायम शर्टाच्या खिशात. सकाळ-संध्याकाळ नेमानं ओढायचा आणि विषय संपला. दमेकरी माणूस भावाला पाठीवर घेऊन तीन मजले चढतो, याचं नवख्या माणसाला नवल वाटायचं. स्वारी पाठीवरूनच सांगायची, "इंजिन जुनं आहे, आवाज करतं, पण गाडी वेळेवर पोचते."

मग ती तापाची साथ आली. घरात तिघंही आजारी पडले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, एका पाळणाघरात कामाला होती. साथ बहुधा तिथूनच आली. ती आणि स्वारी आठवडाभरात उठून बसले. तापानं दादाची मात्र छातीच धरली. दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकाला नळी लावावी लागली. घरी आला तेव्हा ताप नव्हता, खोकलाही नव्हता, तपासण्या सगळ्या चांगल्या. वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला.

पण दादाच्या अंगातलं पाणी कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. आंघोळ करून आला की टॉवेल गुंडाळलेलाच पलंगावर आडवा व्हायचा. शर्टाची दोन बटणं लावून मध्येच थांबायचा. झोपून उठला की झोपण्यापूर्वीपेक्षा जास्त दमलेला असायचा. भेटायला आलेले म्हणायचे, "अरे, चेहऱ्यावर तर किती तेज आलंय!" तो कसनुसं हसायचा. ते गेले की वहिनीला म्हणायचा, "बोलूनच थकलो गं."

या दिवसांत शेजारचे दोन जण स्वारीला खुर्चीत बसवून खाली नेत. चांगली माणसं होती, पण त्यांना कामावर जायची घाई. एकदा वळणावर खुर्ची भिंतीला घासली आणि स्वारीच्या कोपराचं सालटं निघालं. घरी त्यानं ते बाहीखाली झाकून ठेवलं. पण जेवताना बाही वर सरकली आणि दादाला दिसलं.

"उद्यापासून मी नेतो," दादा म्हणाला.

"वेडा आहेस का? शर्ट घालताना तुला धाप लागते."

"उतरायचंच तर आहे. चढताना बघू."

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्यावर दादा उंबऱ्याशी बसला. स्वारी आधी तयारच होईना. मग दादा चिडला, "किती वेळ असा बसू?" तेव्हा त्यानं गळ्यात हात टाकले. पहिला जिना नीट उतरला. दुसऱ्याच्या मध्यावर दादाचे गुडघे थरथरायला लागले. त्यानं कठडा धरला, कसाबसा पायरीवर टेकला आणि धाकट्याला बाजूला सोडलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ फिके पडले. हात खिशाकडे गेला तो तिथपर्यंत पोचलाच नाही.

स्वारीनं स्वतःला खरडत जवळ ओढलं, पंप काढला, हलवला, भावाच्या तोंडाला लावला. "ओढ. हळू ओढ. धरून ठेव." थोडं थांबून पुन्हा. मग तो जिवाच्या आकांतानं ओरडला. खालच्या मजल्यावरच्या बाई हातातलं काम टाकून धावत आल्या. श्वास जरा जागेवर आल्यावर दादा पहिलं वाक्य बोलला ते असं: "हिला सांगू नका."

बाईंनी अर्थातच सांगितलं.

वहिनी त्याला धरूनच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली, शांतपणे समजावलं. ताप गेला तरी श्वासाच्या नळ्या अजून सुजलेल्या आहेत. बरं वाटलं म्हणून पंप चुकवायचा नाही. आणि हा थकवा वेगळा आहे, तो मनाचा खेळ नाही, आळसही नाही. दम्याच्या माणसाला तो जास्त दिवस छळू शकतो.

"एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं की तुम्ही राहिलेलं सगळं काम उरकत असाल."

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि मग पुढचे दोन दिवस अंथरुणात. तसं करायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं. बसून करता येईल ते बसून करा. थोडं थोडं चाला, रोज तेवढंच. जमलं तर मग वाढवू. उचलण्याचं काही काम असतं का?"

"नाही," दादा म्हणाला.

"असतं," वहिनी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

"कधीपर्यंत?" दादानं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. "काही जण काही महिन्यांत सुधारतात. काहींना त्याहून जास्त लागतं. सांगता येत नाही."

त्यांनी उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. तळमजल्यावरची एक खोली बघितली. पण भिंतींना ओल होती, आत पाऊल टाकताच दादाला खोकल्याची उबळ आली. मग मशीन वर घरी आणलं. वहिनी कामावरून येताना दुकानातल्या बॅगा वर आणायची, सकाळी शिवलेल्या खाली न्यायची. दादा दुकानात दुपारपर्यंत बसायचा, स्टुलावर बसून गिऱ्हाईक बघायचा, मध्येच फळीवर आडवा व्हायचा. घरी येताना प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत चढायचा.

काम चाललं. स्वारी मात्र गप्प झाली. गिऱ्हाइकांशी हुज्जत नाही, रस्ता नाही, शेजारच्या चहावाल्याची थट्टा नाही. खिडकीतून दुकानाचं नुसतं छप्पर दिसायचं. बॅग हातात घेऊन तो विचारायचा, "ही कुणाची?" दादा म्हणायचा, "असेल कुणाची तरी." चेहरे लक्षात ठेवायलाही त्याच्यात त्राण नसायचं. रात्रीच्या जेवणाला बसले की एक जण थकून गप्प, दुसरा कंटाळून गप्प. मध्ये वहिनी, दोघांना वाढत.

एका रविवारी ताई आली. ही या दोघांची मधली बहीण. दुसऱ्या गावी असायची. बैठं घर, अंगण, नवऱ्याचा कपडे शिवण्याचा छोटा कारखाना. चहा होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "मी याला न्यायला आलेय."

दादाला वाटलं चार दिवसांसाठी.

"कायमचा," स्वारी म्हणाली. "मीच फोन केला होता."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग! म्हणणारच! मी बरा होतोय. जरा दम धर की."

"दम तुला धरवत नाहीये, मला काय सांगतोस?" स्वारीनं नेहमीसारखं हसवायला बघितलं. कुणी हसलं नाही. मग तो खाली बघत म्हणाला, "मी इथे असेपर्यंत तू रोज सकाळी माझ्याकडे बघतोस आणि मनात जोर लावून बघतोस, आज जमेल का. मला दिसतं ते. असा तू बरा होणार नाहीस."

दादा उठून आतल्या खोलीत गेला. ताई मागोमाग गेली, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपला होता की नाही, देव जाणे.

जायच्या दिवशी ताईच्या नवऱ्यानं कारखान्यातली दोन माणसं आणली. खुर्चीला पट्टे बांधले. दादा दारात उभा होता. "एक जिना," तो हळूच म्हणाला. "शेवटचा एक. खालचा. मी तिथे बसून आधी दम घेईन."

"नाही."

"अरे, फक्त..."

"दादा, नाही म्हटलं ना." आवाज इतका कडक होता की माणसंही थबकली. वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

खुर्ची पुढे, दादा मागे. हातात काही घ्यावं म्हणून त्यानं कपड्यांची पिशवी उचलली. दुसऱ्या मजल्यावर ती वहिनीनं काढून घेतली. रिकाम्या हातांनी, कठड्याला धरून, तो भावाच्या डोक्याकडे बघत उतरत राहिला. इतकी वर्षं त्याला ते डोकं असं मागून कधी दिसलंच नव्हतं. गाडी सुटली तेव्हा तो शेवटच्या पायरीवर टेकला होता. स्वारीनं हात हलवला. त्याचाही हात वर गेला, पण उशिरा.

पुढचं वर्ष दादानं डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकलं. पंप चुकवला नाही. रोज कोपऱ्यापर्यंत, मग पुढच्या वळणापर्यंत चालला. वाईट दिवस आले की मुकाट्यानं पडून राहिला. सुधारला. पहिल्यासारखा नाही, पण शर्टाची सगळी बटणं एका दमात लागायला लागली. तसा तो कुणाला न सांगता बस पकडून ताईच्या गावी गेला.

अंगणात चाकांची खुर्ची उन्हात होती आणि स्वारी तिच्यात बसून कारखान्यातल्या दोन मुलींना कापड कसं धरायचं ते ओरडून शिकवत होती. दादाला बघून त्यानं स्वतःच चाकं फिरवली आणि फाटकापर्यंत आला. एकटा. कुणाच्या मदतीशिवाय. दादाच्या काळजात चर्र झालं, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

जेवणं झाल्यावर त्यानं विषय काढला. "आता बरा आहे मी. चल घरी."

स्वारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. फाटकापासून ओसरीपर्यंत येताना दादा एकदा थांबला होता, ते त्यानं पाहिलं होतं.

"मला इथे बरं वाटतं," तो म्हणाला.

"खरं सांग."

"खरं."

ते खरं होतं की दादासाठी होतं, हे दादाला कळेना. पूर्वी पाठीवर असताना त्याच्या नुसत्या श्वासावरून कळायचं. समोरासमोर बसून त्याला भावाचा चेहरा वाचायची सवयच नव्हती.

स्वारी बसथांब्यापर्यंत सोडायला आली. दादा गाडीत चढताना म्हणाली, "सावकाश."

दादा खिडकीशी बसला. मनसोक्त रडावं म्हणून त्यानं रुमाल काढला, डोकं काचेला टेकलं. पण दिवसभराच्या दगदगीनं थकवा असा अंगावर आला की रडण्याच्या आधीच त्याला झोप लागली. शेवटच्या थांब्यावर वाहकानं खांदा हलवून उठवलं. "काका, उतरायचं ना?"

घराच्या जिन्यात तो प्रत्येक मजल्यावर थांबला. ताईचा फोन येऊन गेला होता, वरच्या दारात वहिनी वाट बघत उभी होती. त्याच्या मागे जिन्यात कुणी येतंय का, तेही तिनं वाकून पाहिलं.

"नाही येत," तो म्हणाला.

तिनं खुर्ची पुढे ओढली. तो बसला.