सोनाळ्याच्या माळावरची चाचणी

सुभेदार गजेंद्र हागेची सारी नोकरी लष्कराच्या सिग्नल शाखेत, उपग्रहाच्या गाडीवर गेली. बर्फात, वाळवंटात, कुठं कुठं त्यानं गाडीवरची अँटेनाची छत्री उघडून बोलणं जोडून दिलं होतं. पण नोकरी संपत आली असताना आपल्याच सोनाळ्याच्या शिवारात सरकारी तंबू ठोकायची पाळी येईल, असं काही त्याला वाटलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याचा पडीक माळ चाचणीसाठी घेतला होता. तिथं तीन यंत्रं उभी राहिली: गजेंद्रचा जुना ट्रक, एक नवीकोरी गाडी आणि पाठीवर नेता येईल असा छोटा संच. तिन्ही उपग्रहाशी बोलायची, पण एकमेकांशी त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं.

हे दुखणं गजेंद्रला चांगलं ठाऊक होतं. एका उंच चौकीवर असताना हिमवादळात त्यांच्या गाडीची लाइन तुटली. शेजारच्या तुकडीची गाडी धडधाकट होती, पण ती दुसऱ्या बनावटीची. तिचं सॉफ्टवेअर वेगळं, तिची परवानगी वेगळ्या ऑफिसातली. फोनाफोनी करून, आकडे हातानं भरून रस्ता जोडेपर्यंत फार वेळ गेला. निरोप उशिरा गेला म्हणून हेलिकॉप्टर उशिरा आलं, आणि एका जवानाच्या पायाची बोटं गेली. तेव्हापासून लाइन तुटली की गजेंद्रचे हात डोक्याची वाट बघत नसत.

हे दुखणं मुळापासून काढायला आली होती सारिका सरकटे, एका संरक्षण प्रयोगशाळेतली इंजिनिअर. पस्तिशीच्या आतली, बोलायला कमी. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना हिंदीत काम समजावून सांगत होती. मधेच एका यंत्रानं दगा दिला आणि तिच्या तोंडून निसटलं, "आता हे असं काऊन करून राह्यलं?" गजेंद्रचे कान टवकारले.

"मॅडम, कुठल्या तुमी?"

"मेहकरची. बाबा एसटीत ड्रायव्हर होते."

"म्हंजे आपल्याच जिल्ह्याच्या! मी तं या गावचाच." मग त्यानं मनातली धाकधूक बोलून टाकली. "एक सांगा, हे तुमचं नवं आलं म्हंजे माहा ट्रक भंगारात जाईन ना?"

"नाई हो साहेब, ट्रक राह्यते." ती ट्रकच्या पायरीवर बसली. "लग्नघर पाहा. पहिले सारं घरच्यायनंच करायचं. आता आपण सांगतो, पंगतीले जेवण पाहिजे. आचारी कोणता, भांडे कोणाचे, आपल्याले काय करायचं? एक आचारी नाई आला तं दुसरा येते. ठरलं तसं जेवण आलं म्हंजे झालं. इथंबी तसंच. एकेक काम म्हंजे एकेक सेवा. तंबूतल्या साहेबानं फक्त म्हणायचं, मले बोलायले रस्ता पाहिजे. तो कोणती गाडी देते, हे त्या सेवायनं आपसात पाहायचं. तुमच्या ट्रकले मी फक्त बाकीच्यायची बोली शिकवली."

याला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणतात, हे गजेंद्रनं मागून ऐकलं. नाव लांबलचक होतं, पण लग्नघर त्याला पटलं. आणि जुन्या यंत्राला हिडीसफिडीस न करता पंगतीत घेणारी ही पोरगी त्याला त्याहून पटली. पुढचे काही दिवस तो तिला बघत राहिला. तीन बनावटींची तीन यंत्रं, त्यांची सतरा तऱ्हेची उत्तरं, आणि ही एकेकाची समजूत काढावी तशी शांतपणे त्यांना एका ओळीत आणत होती. कधी आवाज चढला नाही, कधी कोणाच्या माथी खापर फोडलं नाही.

चाचणीच्या दुपारी ब्रिगेडियर साहेब आले. दोराच्या पलीकडे अर्धं सोनाळं जमलं होतं. साहेबांनी तंबूत बसून दूरच्या मुख्यालयाशी बोलणं सुरू केलं. बोलणं नव्या गाडीवरून चाललं होतं. ठरल्याप्रमाणे तिची छत्री पाडली. आता कोणी हात न लावता ते बोलणं जुन्या ट्रकवर यायला हवं होतं.

ट्रकमध्ये गजेंद्र एकटाच होता. त्याचे डोळे हिरव्या दिव्यावर. दिवा लागेना. कानातल्या फोनवर साहेबांचं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. पुढं काय केलं ते त्याला स्वतःलाही नंतरच उमगलं. हात गेले, जुन्या सवयीनं बटणं फिरली, आकडे भरले गेले, रस्ता जुळला. तंबूत आवाज परत आला. टाळ्या वाजल्या. साहेब उठून सारिकाशी हात मिळवायला निघाले, तेवढ्यात कोणी तरी चहाचा ट्रे आणला.

गजेंद्र लगबगीनं ट्रकमधून उतरला आणि तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, अडकलं होतं. म्या हातानं लावून देलं. कोणाले पत्ताबी नाई."

तिनं शाबासकी द्यावी, निदान सुटकेचा श्वास तरी सोडावा, असं त्याला वाटलं होतं. सारिकाचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "मले सांगतलं, लय बरं केलं साहेब."

आणि ती सरळ ब्रिगेडियर साहेबांकडे गेली. साहेबांच्या हातात चहाचा कप होता. गजेंद्र मागून धावला, पण तोवर ती बोलून मोकळी झाली होती. "सर, टाळ्या परत घ्याव्या लागतील. रस्ता माझ्या प्रणालीनं बदलला नाही, माणसानं बदलला. चाचणी नापास धरा."

साहेबांनी कप खाली ठेवला. "कोणत्या माणसानं?"

गजेंद्रनं टाचा जुळवल्या. शिक्षेची तयारी त्यानं मनात केली होती. पण त्याच्या आधी तीच बोलली, "लाइन तुटली की जोडणं हे ज्याचं कर्तव्य आहे, त्यानं. त्यांची चूक नाही, सर. त्यांना हात लावावा लागला, ही माझी चूक."

गजेंद्रनं कितीतरी बहाद्दर पाहिले होते. पण जिंकलेला डाव स्वतःच्या तोंडानं हरलेला म्हणून सांगणारं माणूस त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी साहेब एवढंच म्हणाले, "हा कॅम्प उठायच्या आत परत दाखवता येईल?"

"प्रयत्न करते, सर."

तिच्या वरिष्ठांचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" करत माळावर फेऱ्या मारत होती. फोन ठेवला आणि कामाला बसली. तिनं एकेक सेवा मुद्दाम मारून पाहिली: ही बंद केली तर कोण अडतं, ती बंद केली तर कोण. गजेंद्रची आई पुष्पाबाई डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवायची. ते ताडपत्रीवर तसंच निवत पडायचं, मग गजेंद्र दटावायचा, "पोटाले खा पहिले, मंग यंत्राले पाहा."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती ताडकन उठली. "सापडलं!"

कोणती सेवा कोणत्या गाडीवर आहे, हा पत्ता सांगणारीही एक सेवा होती. नवी गाडी पडली की बाकीची यंत्रं या सेवेला विचारायची, "आता रस्ता कोणाकडे?" पण तो प्रश्न पडलेल्या गाडीच्याच रस्त्यानं निघायचा आणि मधेच मरायचा. पूल वाहून गेल्याची खबर द्यायला त्याच पुलावरून माणूस धाडल्यासारखं. सारिकानं मग पत्त्यांची एकेक प्रत प्रत्येक यंत्रापाशी ठेवून दिली. ती प्रत जुनी झाली तर काय, याचाही बंदोबस्त केला, आणि तोही स्वतःच मोडून पाहिला. पुन्हा मोडला, पुन्हा बांधला. आपली चूक सापडली की तिच्या डोळ्यांत चमक यायची. गजेंद्रला याचंच नवल वाटायचं. इतरांना चूक सापडली की ते ती झाकायला पांघरूण शोधतात.

कॅम्प उठायच्या आदल्या सकाळी साहेब परत आले. या वेळी सारिकानंच सांगितलं, "सगळ्यांनी गाड्यांतून खाली यावं." गजेंद्र आपल्या ट्रकपासून दहा हात दूर, हात मागं बांधून उभा राहिला. बोटं वळवळत होती, ती त्यानं घट्ट धरली.

कोणतं यंत्र पाडायचं ते साहेबांनी आधी कोणाला सांगितलं नाही. बोलणं सुरू असताना त्यांनी नव्या गाडीकडे बोट केलं. छत्री खाली आली. तंबूतला आवाज एका श्वासापुरता थांबला, आणि रिकाम्या ट्रकमध्ये हिरवा दिवा लागला. मुख्यालयातला माणूस बोलतच होता, त्याला काही कळलंही नव्हतं.

"आता तो," साहेब म्हणाले. बोट गजेंद्रच्या ट्रककडे होतं.

हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ट्रकही पडला. पडद्यावरचं चित्र गेलं, नकाशा गेला. उरला तो पाठीवरचा छोटा संच. त्याची ताकद ती केवढी! पण त्यानं जेवढं झेपेल तेवढंच उचललं. चित्र सोडलं, आवाज धरला. बारीक, खरखरता, पण शब्दन्‌शब्द कळेल असा आवाज तंबूत घुमला.

गजेंद्रच्या डोळ्यांपुढं ती चौकी आली, तो जवान आला. त्या दिवशी एवढा खरखरता आवाज जरी असता! त्यानं तोंड सातपुड्याकडे फिरवलं, आणि जरा वेळानं रुमाल काढला.

साहेबांनी मंजुरी दिली. पुढची चाचणी उंच डोंगरांवर, खऱ्या बर्फात. टाळ्या या वेळीही वाजल्या. सारिकानं मात्र वळून आधी रिकामा ट्रक पाहिला, मग गजेंद्रकडे पाहून हसली.

दुसऱ्या दिवशी तंबू उतरायला लागले. सारिका खामगावमार्गे मेहकरला आईबाबांना भेटून मग पुढं जाणार होती. गजेंद्र तिला एसटीवर सोडायला आला. पुष्पाबाईनं हरभऱ्याच्या घाट्यांची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि लेकाला विचारलं, "इतकी का मोठी साहेबीण हाय हे?"

"लय मोठी, माय," गजेंद्र म्हणाला.

गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून सारिका वळली. "साहेब, बर्फातल्या चाचणीले म्या तुमचं नाव देलं. येसान ना?"

"माह्यं? मॅडम, म्याच तं घोटाळा केला होता!"

"म्हणूनच. तिथं बी काही ना काही अडकंन. अडकलं तं येऊन सांगणारा माणूस मले पाहिजे."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत गजेंद्र उभा राहिला, मग ट्रकची छत्री मिटायला माळाकडे चालू लागला.