चिकाचं फडकं

सासरे, म्हणजे अप्पा, राहायला आले तर सुनेचा फायदाच फायदा होता. छोटीला सांभाळायला घरचं माणूस, तेही कधी आवाज न चढवणारं. आणि सोमवारपासून कारखान्यातली तिची जागा परत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिव्यासमोर धरून केसाएवढी चीर हुडकायची, हे तिचं काम. छोटीपायी सुटलं होतं. बदल्यात द्यायचं काय, तर गॅलरी. अप्पांच्या निवडुंगासारख्या युफोर्बियांच्या कुंड्या तिथे मावल्या की झालं. असला सौदा कोण सोडेल?

"कुंडीत हा चेंडू कसला आणलात?" कुंड्या चढवताना नवऱ्याला धाप लागली होती.

"चेंडू नाही, बाई आहे ती. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. शेजारच्या कुंडीतला टकल्या तिचा नवरा."

"तरीच गप्प बसलाय," सून म्हणाली, आणि अप्पा कितीतरी दिवसांनी हसले.

शनिवारी त्यांनी कुंडीतल्या उंच झाडाच्या फांद्या कापल्या. पांढरा चीक भळाभळा वाहिला. ओल्या फडक्यानं टिपून टिपून तो थांबवला आणि तुकडे वर्तमानपत्रावर, भिंतीलगतच्या सावलीत आडवे मांडले.

"लगेच मातीत खोचले तर कुजतात," ते छोटीला म्हणाले. "जखमेवर आधी खपली धरू दे. आणि त्या खिळ्यावरच्या फडक्याला हात लावायचा नाही हं. चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो."

छोटीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. सून तेव्हा आत कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून होती.

संध्याकाळी तिनं दोरीवरचे कपडे काढले. खिळ्यावरचं फडकंही वाळून स्वच्छ दिसत होतं. जुन्या टॉवेलचाच तुकडा तो. घर नीटनेटकं ठेवायची तिला भारी हौस. फडकं बेसिनशेजारच्या कडीला गेलं.

रविवारी सकाळी तिनं तोंड धुतलं आणि पुसलं.

आधी वाटलं, साबण गेला. मग उजव्या डोळ्यात कुणी निखारा दाबून धरल्यासारखं झालं. बेसिन धरून ती खाली बसली.

अप्पा दारात आले. त्यांची नजर कडीवरच्या फडक्याकडे गेली.

"नळाखाली धर डोळा. चोळू नकोस, पोरी."

"तुमचा चीक?" मागून नवऱ्यानं विचारलं. "इथे कुणी टांगलं हे?"

सुनेला सगळं कळलं होतं, पण तिनं डोळा तसाच नळाखाली धरून ठेवला.

"मी," अप्पा म्हणाले. "विसरलो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा वाचला. बुबुळावर धूसर डाग मात्र राहील.

"चीर दिसेल ना?" सुनेनं विचारलं.

"कसली चीर?"



घरी नवरा म्हणाला, "एक तर ती झाडं राहतील, नाहीतर..." पुढचं त्यानं गिळलं. अप्पांनी मात्र ते पूर्ण ऐकलं. सोमवारी कारखान्यात तिच्या जागी दुसरी बसली. सून घरी, म्हणजे छोटीला माणूस नको. माणूस नको, म्हणजे अप्पांचं तिथे काय काम? हा हिशोब त्यांनी सगळ्यांच्या आधी करून टाकला. पण जायचं कुठे? इकडे येताना राहती खोली ते सोडूनच आले होते. बहिणीच्या घरातली मागची खोली मिळाली. तिला खिडकी नव्हती.

कुंड्या रोपवाटिकेवाला घेऊन गेला. टकल्या आणि त्याची बायको एकाच खोक्यात गेली, एवढं अप्पांनी बजावून करून घेतलं.

निघताना सून पिशवी देण्याच्या निमित्तानं जिन्यापर्यंत आली. डोळ्यावर पट्टी होती.

"अप्पा, ते फडकं मी..."

"माहीत आहे. त्या रात्रीच बघितलं, तर खिळा रिकामा होता. वाटलं, धुवायला टाकलं असशील. तेव्हाच विचारायला हवं होतं."

"मग तुम्ही का स्वतःवर घेतलंत?"

"तुला त्याच्याबरोबर राहायचंय. मला नाही." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ते तुकडे राहिलेत. खपली धरली की लाव. पाण्याची घाई करू नकोस."

सुनेची नोकरी गेली, अप्पांचं छप्पर आणि झाडं गेली. नवऱ्याची तेवढी गॅलरी मोकळी झाली. संध्याकाळी तो तिथे खुर्ची टाकून बसला.

"बघ, वारा कसा येतोय आता," तो म्हणाला.

खुर्चीखालच्या सावलीत, वर्तमानपत्रावर, तुकडे सुकत होते.