घार राहणार

त्या गेम बनवणाऱ्या ऑफिसात नियमच होता, ज्यानं शत्रू बनवला त्यानंच आधी त्याला हरवून दाखवायचं. चित्रकार ताईंची घार चौथ्या फळीवर झडप घालायची आणि पडद्यावरचा बुटका गडी थेट खड्ड्यात. सगळ्यांनी हात टेकले. साहेब म्हणाले, "काढून टाका ती घार."

"घार राहणार," म्हणत ताई कंबर कसून मशीनपुढे उभ्या राहिल्या.

दुपारपर्यंत गडी साठ वेळा पडला. ताईंच्या अंगठ्याला फोड आला. मग त्यांच्या लक्षात आलं, घार ओरडली रे ओरडली की आपण दचकून उडी मारतो, आणि ती नेमकी उडीवरच टपलेली असते. ते ओरडणंसुद्धा त्यांच्याच गळ्यातून काढून भरलेलं. स्वतःच्याच आवाजाला भ्यायचं म्हणजे कमाल झाली.

एकसष्टाव्या वेळी घार ओरडली. ताईंनी दात आवळून अंगठा आवरला. घार गड्याच्या डोक्यावरून निघून गेली आणि तो चालत खेळातल्या शेवटच्या दारात पोचला.

"जिंकलात," साहेब म्हणाले. "चला आता जेवायला."

"तुम्ही व्हा पुढे," ताई खुर्ची ओढत म्हणाल्या. "उभ्या माणसाला सोडते म्हणजे काय? शिकवते तिला."