तीन शिंगांचा बोकड

एलादियोच्या उजव्या हाताची बोटं लेओन्सियोनं सकाळीच हातोडीनं फोडली होती. केळ्यांच्या गोदामात खोकी ठोकायच्या हातोड्या होत्याच, मुद्दाम काही आणावं लागलं नाही. सैन्यानं बंड केलं त्या उन्हाळ्यापासून सांताक्रूझ बंदरातल्या या गोदामात केळी कमी आणि माणसंच जास्त भरली होती. त्यांची चामडी लोळवणारी निळ्या शर्टातली पोरं परकी नव्हती, इथल्याच गल्लीबोळांतली होती, लेओन्सियोही त्यांच्यातलाच.

समोर भिंतीला एलादियोचं तैलचित्र टेकवून ठेवलं होतं, चांगलं पुरुषभर उंच. कातडं सोललेला तीन शिंगांचा बोकड, आणि त्याच्या फाडलेल्या पोटात बसलेला एक माणूस. माणसाला तोंड नव्हतं, नुसता चष्मा होता.

"चष्मा गुमेर्सिंदोचा आहे," लेओन्सियो म्हणाला. "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचा. संप करायला पुढं, आणि आता बिळात! कुठं दडवलाय त्याला? चित्रात खूण घालून ठेवलीस ना?"

"मला माहीत नाही रे."

"चित्र तुझं, आणि तुलाच माहीत नाही?"

"आईशप्पथ नाही."

हे अगदी खरं होतं, आणि खरं बोलून मार खाण्यासारखं वाईट काही नसतं. एलादियो आणि त्याचे मित्र चित्रं काढायचे तीच मुळी अशी. कॅनव्हासवर ओला काळा रंग फासायचा, त्यावर कागद दाबून उचलायचा, आणि उमटलेल्या डागांत जे दिसेल त्याच्यामागं हात मोकळा सोडायचा. मनाच्या तळाशी असेल ते आपोआप वर येतं, डोक्यानं मध्ये लुडबुडायचं नाही. नंतर अर्थ सांगायचा तर नाहीच. कुणी सांगायला लागला तर बाकीचे त्याला कॅफेतून शिव्या देत हाकलायचे. बरं, बहीण एफिहेनियानंही नवऱ्याचा ठावठिकाणा भावाला सांगितला नव्हता. ठाऊकच नाही ते मारून तरी कसं काढतील, असा तिचा विचार.

लेओन्सियोनं केसांना धरून त्याचं डोकं चित्राला भिडवलं.

"बघ नीट! ही शिंगं मी कुठंतरी पाहिलीत. तीन फाटे, मधला मोडका. कुठं बरं?"

एलादियोचा एकच डोळा उघडत होता. त्यानं पाहिलं. ती शिंगं नव्हतीच. ते वरच्या गावातलं वठलेलं अंजिराचं झाड होतं, वीज पडून मधली फांदी मोडलेलं. त्याच्या मुळाशी डोंगरात खणलेला पाण्याचा बोगदा होता, आता कोरडा ठणठणीत. लहानपणी तो, लेओन्सियो आणि रेमेदिओस तिथंच खेळायचे. पुढं रेमेदिओस लेओन्सियोची बायको झाली. एफिहेनिया मध्यंतरी वडिलांचा कार्बाइडचा दिवा मागून घेऊन गेली होती, आणि तिच्या चपलांना तिथली तांबडी माती होती. डोक्यानं या गोष्टी कधी जोडल्या नव्हत्या. हातानं जोडल्या, रंगवल्या आणि मारेकऱ्याच्या पुढ्यात ठेवल्या. आपल्याच हाताचा इतका संताप त्याला कधी आला नव्हता. फुटला तेच बरं झालं, असं वाटलं.

"झाड होतं का रे ते?" लेओन्सियो पुटपुटला. "आपण लहान असताना..."

"सांगतो!" एलादियो किंचाळला. "अर्थ सांगतो. तो बोकड तू आहेस."

"काय?"

आमच्या बेटावर बायको परपुरुषाकडे जायला लागली की नवऱ्याला शिंगं फुटली म्हणतात. याहून झोंबणारी शिवी आमच्याकडे नाही.

"दोन शिंगं काय, कुणालाही फुटतात," एलादियो रक्त थुंकत म्हणाला. "तिसरं फुटायला रेमेदिओससारखी बायको लागते. आख्ख्या बंदराला माहीत आहे, फक्त तुला सोडून. पोटात बसलाय तो तिचा यार. त्याला तोंड का नाही? अरे, एक असता तर तोंड काढलं असतं!"

दुसरं कुठलं खोटं त्याला सुचलंच नाही.

दारातला पहारेकरी बार्तोलो फिस्सकन हसला. लेओन्सियो गर्रकन वळला.

"दात का काढतोस?"

"काही नाही, साहेब." बार्तोलोची पाचावर धारण बसली. "वहिनी रोज सकाळी याला भाजल्या पिठाचे गोळे पाठवतात. चोरून. तेवढंच आपलं... आठवलं."

लेओन्सियोचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं सुरा उपसला आणि चित्रावर तुटून पडला. आधी शिंगं फाडली, मग पोट, मग तो चष्मा. कॅनव्हासच्या चिंध्या होईपर्यंत तो भोसकत राहिला, हुंदके देत राहिला. मग त्याच सुऱ्यानं त्यानं एलादियोचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत चिरला. गुमेर्सिंदो वाचला होता. गालातून रक्त वाहत असताना एलादियोला चक्क आनंद झाला.

पण लेओन्सियोनं सुरा म्यान केला नाही. तो तसाच हातात धरून दाराकडे निघाला.

"कुठं चाललास?"

"घरी."

"खोटं होतं ते!" कमरेला बांधलेल्या खुर्चीसकट एलादियो आडवा पडला. "ऐक, लेओन्सियो, मी खोटं बोललो! रेमेदिओसनं काही केलेलं नाही. तिला कीव आली म्हणून ती खाणं पाठवते रे!"

लेओन्सियो उंबऱ्यात थांबला. परत आला, गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे भरले होते. या माणसाला, देवा, यावर विश्वास ठेवायचा होता.

"मग खरं काय ते सांग," तो हळूच म्हणाला. "बोकड नाही, मी नाही, मग तीन फाट्यांचं ते काय होतं? एवढं सांग, मी घरी जात नाही."

एलादियोनं तोंड उघडलं. अंजिराचं झाड, एवढे दोनच शब्द होते.

त्यानं दात घट्ट मिटले. लेओन्सियो उठून गेला. खाली मोटार सुरू झाली.

"घर तर त्याचं वळणापलीकडेच आहे, मग मोटार कशाला?" बार्तोलो स्वतःशीच म्हणाला.

मोटार वळणावर थांबते की वरच्या गावाकडे चढते, ते ऐकू येऊ नये म्हणून एलादियोनं कान झाकायला हात उचलले. उजवा उचलला गेला नाही, एकच कान झाकता आला.