दोघांचा एकच वकील

मित्रांनो, माझ्यासमोरून जाताना तुम्ही पावले झपाझप टाकता. या घरात भूत आहे असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. घाबरू नका, आत भूतही नाही आणि माणूसही नाही. मी एक जुना दरवाजा आहे आणि मला बाहेरून कोर्टाचे कुलूप लागले आहे, एवढेच.

एका सुताराने मला सागवानातून घडवले. बिजागऱ्या बसवून त्याने मला एका बोटाने ढकलले, तसा मी जराही न कुरकुरता उघडलो. "दार आहे की पीस!" घरमालकीण म्हणाली. तिच्या मुलाने आणि धाकट्या मुलीने मला आदळून आदळून तिची बोलणी खाल्ली. पुढे मुलगी लग्न होऊन दूर गेली. आईवडील वारले आणि घर दोघा भावंडांचे झाले. राहत मात्र एकटा भाऊच होता. एक दिवस त्याने घर विकायला काढले.

घर बघायला एक परिचारिका आली, सोबत तिचे वडील. त्यांची हयात घड्याळे दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांनी मला उघडून-मिटून पाहिले आणि मुलीला म्हणाले, "घर छान आहे गं. पण आपण आपला वकील करू. कागद त्याला बघू दे."

"बाबा, घराचा एजंट म्हणतो, विकणाऱ्यांचा वकीलच दोघांचं काम करतो. मला ड्यूटीतून सवड कुठे आहे? चांगली माणसं दिसतात, उगाच संशय कशाला?"

सह्यांच्या दिवशी तो वकील आला. बोलायला मोठा गोड. वडिलांनी त्याला उंबऱ्यातच गाठले. "वकीलसाहेब, तुम्ही त्यांचे की आमचे?"

"काका, मी तराजूचा काटा! ना इकडचा, ना तिकडचा."

सगळे हसले. वडीलही हसले आणि आत गेले.

त्यानंतरचे वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. वडील बिजागऱ्यांना तेल घालत. मुलगी कामावरून आली की मला पाठ टेकून चपला काढी आणि म्हणे, "आले गं बाई घरी!"

मग एका दुपारी ती धाकटी बहीण दारात उभी राहिली.

"तुम्ही कोण?" तिने विचारले. सगळे ऐकल्यावर ती पायरीवर मटकन बसली. "माझं माहेर विकलं? दादानं मला सांगितलंसुद्धा नाही!"

परिचारिकेने तिला पाणी दिले. बहिणीच्या सहीवाचून घर विकताच येत नव्हते. आपण एकुलते एक आहोत असे खोटेच सांगून भाऊ मोकळा झाला होता आणि परदेशी निघून गेला होता. वकिलाने काहीच तपासले नव्हते. जाब विचारल्यावर तो म्हणाला, "मी विकणाऱ्यांचा वकील. तुम्ही तुमचा करायचा होता."

प्रकरण कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत घर बंद ठेवा, असा हुकूम आला. सामान बाहेर निघत असताना परिचारिकेच्या नव्या वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सह्यांच्या आधी आला असतात, तर हे चार दिवसांच्या चौकशीचं काम होतं. आता किती वर्षं जातील, मी शब्द देऊ शकत नाही."

वडिलांनी जाता जाता माझ्यावर हात ठेवला.

बरीच वर्षे गेली. मध्यंतरी दोघी बायका एकाच वेळी माझ्यासमोर आल्या. दोघींचे केस पिकले होते.

"तुमचे बाबा कसे आहेत?" बहिणीने विचारले.

"गेले. भाड्याच्या खोलीत."

"माझं भांडण तुमच्याशी नव्हतं हो."

"माहीत आहे मला."

मग दोघी दोन दिशांना निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. खालची फळी वाळवीने पोकळ केली आहे. निकाल लागला तरी मी आता उघडेन असे मला वाटत नाही. माझ्यासाठी काही करू नका. मोठे व्हाल, घर घ्याल, तेव्हा फक्त तुमच्या बाजूने कागद वाचणारा माणूस आधी शोधा. आम्हा दारांना येणारी माणसे दिसतात, त्यांच्या हातातले कागद वाचता येत नाहीत. वाचता आले असते, तर सह्यांच्या त्या दिवशी मी उघडलोच नसतो.