गरम की गोड

मी फ्रिज बोलतोय. दार उघडं टाकून ऐकू नका. बिल माझ्या नावावर येत नसलं तरी जीव माझा जातो.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही, पण खोक्यावर 'उभेच ठेवावे' असं लिहिलेलं असूनही टेम्पोत मला आडवं घातलं, ते अजून विसरलो नाही. नाशिकच्या सिडकोतल्या या घरी मला आणलं ते इन्सुलिनसाठी. घरच्या मोहिनीताईंना शाळेत असल्यापासून टाइप वन मधुमेह. त्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. त्या बाटल्या माझ्या दारात, लसणाच्या चटणीशेजारी राहतात. म्हणून मी स्वतःला यंत्र समजत नाही, घरचा डॉक्टर समजतो. नारळाच्या वड्याही सांभाळतो, ती गोष्ट वेगळी.

ताईंनी पन्नाशी गाठली, पाळी मागेपुढे होऊ लागली आणि एके दिवशी भाजी चिरता चिरता त्या उठल्या, माझं दार उघडून डोकं थेट आत घातलं. मी आणि कोथिंबीर, दोघंही दचकलो.

"अंगातून नुसती वाफ निघतेय," त्या म्हणाल्या.

मग हे रोजचंच झालं. खरं सांगतो, मी सुखावलो. इतकं प्रेम माझ्यावर आजवर कुणी केलं नव्हतं.

पंचाईत अशी, की पाळी जाताना घाम येतो, तसाच साखर उतरली तरी येतो. सायखेड्याहून राहायला आलेल्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, सुनेचा घाम म्हणजे साखर उतरली, एवढंच ठाऊक. घाम दिसला की "आ कर!" म्हणून साखरेचा चमचा सुनेच्या तोंडात. ताईंची साखर तीनशेच्या वर गेली.

"आई, मी काय मुंग्यांचं वारूळ आहे का?" ताई कडाडल्या.

"ऱ्हायलं! आता म्या साखरेचं नावच घेनार नाय," म्हणून सासूबाई रुसल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, या दिवसांत कालचा डोस आज चालेलच असं नाही, अंदाज बांधू नका, बोट टोचून बघा. पण ताईंचे यजमान धनराजराव अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथे यंत्र चालू की बंद हे पाटीवरून कळतं. त्यांनी तशीच पाटी माझ्या छातीवर लावली. एकीकडे 'गरम', एकीकडे 'गोड', मध्ये चुंबकाचा बाण. ताईंनी बाण फिरवायचा, घरच्यांनी त्याप्रमाणे पंखा नाहीतर साखर आणायची. बोट टोचायचं मीटर ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. बाहेर कडाक्याची थंडी. ताईंनी इन्सुलिन टोचून घेतलं आणि पाहुण्यांच्या गडबडीत जेवण राहून गेलं. तिळगूळ वाटता वाटता घाम फुटला. त्यांनी बाण 'गरम'कडे केला आणि डोकं आत घातलं.

"अय्या, तुलापण होतं? सरक ना जरा," शेजारच्या आशाताई म्हणाल्या.

मग तिसरी आली, चौथी आली. माझ्यापुढे रांगच लागली. येवल्याच्या पैठण्या नेसलेल्या बायका भर थंडीत डोकं आत घालायला ताटकळत होत्या आणि ताई यजमानीण म्हणून सगळ्यांना पुढे सोडत होत्या.

शेवटची बाई सरकली. ताईंनी दार लावलं, त्यावर हळदीकुंकू लावलं, हँडलवर तिळगूळ ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता नाव घ्या."

बायका खो खो हसल्या. ताईंनी कपाळ माझ्या दाराला टेकवलं. थंडी हा माझा धंदा आहे. तापलेलं कपाळ मी रोज बघायचो, हे तसं नव्हतं. ओलं आणि गार. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. ओरडता येईना, म्हणून जोरात घरघरलो.

"फ्रिज लाजला गं!" बायका म्हणाल्या.

कोपऱ्यात रुसून बसलेल्या सासूबाईंनी बाण पाहिला, सुनेकडे पाहिलं आणि उठून तिच्या मानेला हात लावला.

"आगं, ही लय गार पडली हे! गरम कसली?" पाटी उपटून त्यांनी भिरकावली. साखरेचं पाणी ढवळून ताईंच्या ओठांना लावलं. "मागून शिव्या दे मला. आधी पी!"

धनराजराव मीटर घेऊन धावले. आकडा आला एक्केचाळीस. सत्तरच्या खाली धोका, हे मलाही कळतं.

थोड्या वेळाने ताई भानावर आल्या आणि रडू लागल्या. "साखर उतरली की मला आधी कळायचं, आई. आता माझंच अंग मला ओळखू येत नाही."

सासूबाई शेजारी टेकल्या. "मला बी व्हायचं ते गरम. मी म्हशींसंग गोदेत बसायची, गळ्यापस्तोर. लोकांना वाटायचं, म्हशी राखती."

"कधी बोलला नाहीत?"

"कुनाला सांगनार? म्हशींला ठावं होतं."

आता मीटर माझ्या डोक्यावर असतं. घाम आला की ताई आधी बोट टोचतात, वाद नंतर. माझं रबर सैल झालंय, धनराजराव एक्स्चेंजच्या जाहिराती वाचतात. जाईन मी. पण तुमच्या घरात कुणी अशी फ्रिजच्या दारात उभी दिसली, तर हसण्याआधी तिच्या कपाळाला हात लावा. मला हात नाहीत.