वामनरावांचा आग्रह

वामनराव पंगतीत वाढायला उभे राहिले की ताटावर आडवा हात धरून काही उपयोग नसे. काटोलकडच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न असो, साक्षगंध असो, बारसं असो, बुंदीचं घमेलं त्यांच्याच हाती यायचं. पाहुणा म्हणायचा, "बस भाऊ, नको," आणि वामनराव म्हणायचे, "नको म्हणते तो लाजते. लाजते त्याले दुप्पट." बोटांच्या फटींतून बुंदी ताटात पडायची, पंगत हसायची आणि पाहुणा मुकाट्यानं खायचा. पहिल्याच 'नको'वर वाढपी पुढे सरकला असता, तर पाहुण्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं की तिथं मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

असे वामनराव संक्रांतीनंतर नागपूरला, वाडी भागात लेकीच्या घरी राहायला आले. कारण ओजस.

ओजस सात वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. त्याला ऐकू येत होतं, पुष्कळसं कळतही होतं. शब्द मात्र तोंडावाटे येत नव्हते. धंतोलीतल्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच स्वमग्नता असल्याचं सांगितलं होतं. सकाळी तो विशेष मुलांच्या शाळेत जाई आणि दुपारी जेवायच्या वेळेला व्हॅन त्याला परत आणून सोडी. त्याची आई मेघा मिहानमधल्या एका औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ होती, वडील प्रीतम अमरावती रोडवरच्या गोदामात माल पाठवण्याचं काम बघायचा. दोघंही अंधार पडायच्या सुमाराला घरी येत. दुपारी ओजसला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा मेघानं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. वामनरावांनीच तिला अडवलं. "मी हाये ना वं. चार लेकरं वाढवली, हे तं एकच हाये."

फ्रिजशेजारच्या भिंतीवर एक पट्टी होती आणि तिच्यावर चिकटवलेली कार्डं. ओजसची थाळी, पाण्याची बाटली, झोपाळा, पांघरूण. मेघानं घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून ती केली होती. ओजसनं कार्ड काढून हातात द्यायचं आणि समोरच्यानं ती वस्तू द्यायची, एवढा साधा व्यवहार. शेवटचं कार्ड फोटोचं नव्हतं. त्यावर लाल रंगाचा उघडा पंजा होता. ते 'नको'चं कार्ड. थाळीचं कार्ड ओजस महिन्याभरात शिकला. लाल पंजाला मात्र, धंतोलीच्या वाचातज्ज्ञ अदिती मॅडमकडे आठवड्यातून दोनदा जाऊनही, वर्ष लागलं होतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. व्हॅन आली की वामनराव खाली उभे असत. बूट, हात धुणं, वरण-भात, मग दोघंही खिडकीपाशी. वामनराव बोलत राहायचे. पाऊसपाण्याचं, संत्र्याच्या बागेचं, मेघाच्या आईच्या घोरण्याचं. ओजस डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवायचा आणि त्याच्या नाकातून एक बारीक, एकसुरी गुणगुण यायची.

मग एका दुपारी दह्याची वाटी पाहून ओजस उठला आणि लाल पंजा घेऊन आला. वामनरावांना भारी कौतुक वाटलं.

"अरे वा! पाहुणा लाजते!" ते म्हणाले आणि त्यांनी भातावर चमचाभर दही घातलं.

ओजसनं पुन्हा कार्ड पुढे केलं. वामनरावांनी दुसरा चमचा घातला. आजोबा-नातवाचा हा खेळच जमला, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी दुधाच्या पेल्याला तेच. अंग पुसायच्या टॉवेलला तेच. ओजस दही खाई, दूधही पिई. त्यामुळे आपलं काही चुकतंय हे त्यांच्या मनातही आलं नाही.

काही दिवसांनी लाल पंजा कचऱ्याच्या डब्यात सापडला. वामनरावांनी तो पुसून जागेवर लावला. मग ओजसनं बाकीची कार्डंही घेणं सोडलं. थाळीचंसुद्धा. तो फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसू लागला. जेवायला बोलावलं की ओरडायचा. ते ओरडणं खालपर्यंत जात असावं, कारण जिन्यात खालच्या मजल्यावरच्या यमुताईंनी त्यांना गाठलंच.

"काय हो काका, मारता काय लेकराले?"

"मी? मी काहून मारीन?"

"मंग दुपारभर काहून बोंबलून राहते? आधी तं नव्हता असा."

वामनराव तसेच जिना चढून वर गेले.

सोमवारी संध्याकाळी ओजसचा शर्ट बदलताना मेघाला त्याचं मनगट दिसलं. स्वतःचेच दात उमटलेले, काही जुने, काही ताजे. ती ओरडली नाही. प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याचा निकाल भलताच यावा आणि आधी काय काय बदललं ते तपासावं, तशी ती बापासमोर बसली.

"बाबा, तो आल्यापासून तुम्ही काय काय करता, ते मले करून दाखवा."

वामनरावांनी दाखवलं. बूट, हात, थाळी. दह्यापाशी येऊन त्यांनी तो खेळही दाखवला, हसत, चमच्यासकट. मेघाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा हात मधेच थांबला.

"तो नको म्हणते, तेव्हा तुम्ही वाढता?"

"आग्रह करतो वं. उपाशी राहीन ना लेकरू."

"तुम्हाले एखादी गोष्ट नको असली तं तुम्ही काय करता?"

"सांगतो."

"अन् समोरच्यानं ऐकलंच नाही तं?"

"आवाज चढवतो. उठून जातो. मी काय लहान हाये?"

मेघानं लाल पंजा पट्टीवरून काढून त्यांच्या हातात ठेवला. "त्याच्यापाशी हे एवढंच हाये, बाबा. व्हॅनमध्ये कोणी त्याच्या अंगाले हात लावला, उद्या मोठा झाल्यावर कोणी काही केलं, तं सांगाले हे एक कार्ड. अन् ते चालत नाही, हे तो आपल्याच घरात शिकला."

वामनरावांनी कार्ड उलटंसुलटं केलं. केवढंसं ते, विड्याच्या पानाएवढं.

"शनिवारी मी साहेबांले सांगते," मेघा म्हणाली. "काम सोडते. तुमच्यावर राग नाही माहा. पण त्याले असा ठेवून मी तिकडे मशीनसमोर उभी नाही राहू शकत."

त्या रात्री वामनराव नीट जेवले नाहीत आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही. सकाळी मेघा स्कूटीला किल्ली लावत होती, तेव्हा ते खाली गेले.

"शनिवारपर्यंत मले राहू दे."

"बाबा, हे शिकाले त्याले वर्ष लागलं."

"तो तं शिकला होता. आता मले शिकव."

मेघानं हेल्मेट काढलं आणि तिथंच, गेटपाशी, अदिती मॅडमनी तिला जे सांगितलं होतं ते सांगितलं. कार्ड देईल याची वाट बघायची नाही. मान फिरवली तरी ते 'नको'. खांदा वळवला तरी 'नको'. त्याच क्षणी थांबायचं, लाल पंजा आपण दाखवायचा, 'बरं' म्हणायचं आणि वस्तू उचलायची. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही.

ऐकायला सोपं होतं. करताना वामनरावांना कळलं की त्यांचा उजवा हात त्यांच्या ताब्यात नव्हता. मंगळवारी ओजसनं दुधाकडे पाठ फिरवली आणि हात पेला घेऊन आपोआप पुढे निघाला. वामनरावांनी डाव्या हातानं मनगट धरून तो मागे आणला. लाल पंजा टेबलावर ठेवला. "बरं," ते म्हणाले आणि पेला आत नेऊन ठेवला. मग पोर दुधावाचून राहिलं म्हणून ओट्यापाशी उभे राहून कासावीस झाले.

बुधवारी भात अर्धा परत गेला. टॉवेल परत गेला. ओजस फटीतच होता, पण ओरडला नाही. गुरुवारी तो फटीतून डोकं काढून, टेबलावर जिथून वाटी उचलली गेली त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला. कार्डाला मात्र त्यानं हात लावला नाही. संध्याकाळी मेघानं नुसतंच बघितलं. वामनरावांनी नकारार्थी मान हलवली, आणि ती कपडे बदलायला आत गेली.

शुक्रवारी थाळीत वरण-भात आणि बाजूला दही. दही त्यांनी मुद्दाम वाढलं नव्हतं, सवयीनं वाढलं गेलं होतं. ओजस थाळीसमोर थांबला. मग वळला, पट्टीपाशी गेला. लाल पंजा ओढताना चिकटपट्टीचा चर्रर आवाज झाला. त्यानं तो आणून वाटीला टेकवून ठेवला.

"बरं," वामनराव म्हणाले आणि वाटी उचलून आत गेले.

परत आले तर ओजस कार्ड घेऊन पंख्याच्या बटणापाशी उभा. बरं. पंखा बंद. मग पडदा. पडदा सरकवला. मग दाराशी ठेवलेल्या वामनरावांच्या चपला. त्या बाहेर गेल्या. टीव्ही बंदच होता, तरी त्याला कार्ड दाखवलं गेलं, म्हणून वामनरावांनी त्यावर टॉवेल टाकला. पोरगं थट्टा करत नव्हतं. प्रत्येक वेळी तो वस्तूकडे नाही, आजोबांच्या हाताकडे बघत होता. हे दर वेळी खरंच होतं का, एवढंच त्याला तपासायचं होतं. मेघाही एकच चाचणी तीन-तीनदा करायची, तेव्हा कुठे आकडा मानायची.

"शाबास रे माह्या वाघा," वामनराव म्हणाले, "आता काय बाकी हाये घरात, सांग, तेही काढू, तुह्या बापाची खुर्ची, तुह्या आईची..."

ओजसनं लाल पंजा त्यांच्या छातीवर ठेवला.

वामनराव गप्प झाले. त्यांना वाटलं, बोलणं नको असेल. पण ओजसनं हात काढला नाही. बनियनवर कार्ड दाबून तो उभा होता आणि त्यांच्या पायांकडे बघत होता.

"मी?" वामनरावांनी विचारलं. मग त्यांना आठवलं की विचारायचं नसतं. "बरं," ते म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले.

दार मागून लागलं. त्याची आतली कडी प्रीतमनं केव्हाच काढून टाकली होती, आणि खिडकीच्या जाळीतून सगळी खोली दिसत होती. वामनरावांनी कपडे धुवायची बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. समोर अमरावती रोडवर ट्रकांची रांग, कुणी मागे घेतोय, कुणी हॉर्न देतोय. फेब्रुवारीचं ऊन पाठीवर चढत होतं. आत ओजस जेवायला बसला. पूर्ण जेवला. मग फरशीवर पोटावर पालथा पडून त्यानं डब्याचं झाकण फिरवलं, आणि ट्रकांच्या आवाजातूनही वामनरावांना ती बारीक गुणगुण ऐकू आली. किती दिवसांनी.

फोन वाजला. मेघा.

"बाबा, एवढा ट्रकचा आवाज काहून येऊन राहिला? कुठे हाये तुम्ही?"

"गॅलरीत."

"अन् ओजस?"

"घरात. दिसून राहिला मले. जेवला. बाहेर काढलं त्यानं मले."

"म्हणजे?"

"कार्ड दाखवलं. सरळ छातीवर ठेवलं माह्या. मी चालत नाही त्याले."

मेघानं विचारलं, "त्यानं स्वतः काढलं कार्ड?"

"स्वतः. पयले दही, मंग पंखा, मंग चपला, मंग मी."

"मंग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? निघालो."

मेघा हसायला लागली, आणि हसता हसता तिनं नाक ओढलं. "ऊन असन ना तिथे? मी येऊ का लवकर?"

"कायले येतं? तुहं काम पुरं कर. अन् उद्या साहेबाले जे सांगणार होती, ते राहू दे आता."

"राहू देते," मेघा म्हणाली. मग तिला तिकडून कुणी तरी हाक मारली.

वामनरावांनी बादली भिंतीच्या सावलीत सरकवली. बसल्या जागी त्यांना डुलकी लागणार, तोच दार उघडलं. ओजसच्या हातात पाण्याच्या बाटलीचं कार्ड होतं. त्यानं ते आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

वामनराव इतक्या घाईनं उठले की बादली घरंगळत कठड्यापर्यंत गेली. आत जाऊन त्यांनी बाटली भरली आणि ओजसच्या हातात दिली. चार शब्द ओठांपर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले. ओजस घटाघटा प्यायला, बाटली ओट्यावर ठेवली आणि गॅलरीच्या दाराकडे बघत उभा राहिला.

"बरं," वामनराव म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी बादली पालथी घातली आणि पुन्हा बसले.